डिजिटल मॉड्युलेशनच्या प्रयोगांविषयी निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर

विषय : संप्रेषण प्रयोगशाळेतील सिम्युलेशनसाठी मुक्त सॉफ्टवेअरला मान्यता मिळणेबाबत

महोदय,

मोहाडी तालुक्यातील करडी व आसपासच्या गावांतून आपल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी शिकणारे विद्यार्थी व त्यांचे पालक असे आम्ही पुढील मजकूर आदरपूर्वक सादर करीत आहोत.

अंकीय संदेश वाहक लहरीवर आरूढ करताना तिचा आयाम, वारंवारता किंवा कला बदलावी लागते, हे तयार किटवर व ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर चटकन दिसते. परंतु तीच लहर नॉइजमधून पार होताना किती बिट चुकतात, हा या शास्त्राचा खरा हिशोब त्या स्वच्छ तरंगात कोठेच सापडत नाही. बीपीएसके पद्धतीत प्रतिबिट ऊर्जा व नॉइजची घनता यांचे गुणोत्तर सुमारे ९.६ डेसिबल असता लाखात एक बिट चुकतो, असे गणित सांगते. ते पडताळायचे तर निदान १०० चुका हाती लागाव्यात, म्हणजे सुमारे १ कोटी बिट पाठवावे लागतात. १,००० बिट पाठवून वहीत शून्य चुका नोंदविणारा विद्यार्थी खोटे लिहीत नाही, मात्र त्या शून्यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कोटी बिटांची ही मोजणी सिम्युलेशनने जुन्या, साध्या संगणकावरही थोड्या अवधीत होते. या गुणोत्तरानुसार चुकांचे प्रमाण दाखविणारा क्यूपीएसकेचा आलेख बीपीएसकेच्या आलेखावर बसलेला आणि १६-क्वॅमचा सुमारे ४ डेसिबल उजवीकडे सरकलेला ज्याने स्वतः काढून पाहिला, त्याला बँडविड्थ व ऊर्जा यांचा सौदा पाठ करावा लागत नाही.

आमची अडचण अशी की, काही ठिकाणी हे काम परवान्याच्या सॉफ्टवेअरवरच करून घेतात व ते प्रयोगशाळेतील यंत्रांपुरतेच असते. सबब सुट्टीत करडीस आलेल्या मुलाचा अभ्यास दारातच खोळंबतो, आणि खासगी परवाना विकत घेण्याची आमची ऐपत नाही. वस्तुतः सायलॅब, जीएनयू ऑक्टेव्ह व पायथन ही साधने विनामूल्य आहेत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅबच्या प्रसाराचे मोलाचे कार्य केले आहे. तेव्हा या साधनांवर केलेले काम सत्रकार्यात व प्रात्यक्षिक परीक्षेत ग्राह्य धरावे, असा स्पष्ट हुकूम सर्व संलग्न महाविद्यालयांस व्हावा, ही आमची मुख्य मागणी आहे.

तिच्या जोडीने प्रयोगवहीत केवळ तरंगाचे चित्र न स्वीकारता, पाठविलेल्या बिटांची संख्या, आढळलेल्या चुका व सैद्धांतिक वक्राशी तुलना या तिन्ही बाबी आवश्यक कराव्यात.

शेवटची विनंती खर्चाची आहे, पण तो खर्च अल्प आहे. प्रत्येक प्रयोगशाळेत संगणकास जोडता येणारा एक साधा सॉफ्टवेअर रेडिओ ग्राहक असावा. नागपूरच्या आकाशातून जाणारी विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख, उंची व स्थान प्रक्षेपित करीत असतात, आणि त्यात प्रत्येक बिट स्पंदाच्या जागेवरून ओळखला जातो. घरी सिम्युलेशनमध्ये लिहिलेला डिकोडर विद्यार्थ्याने त्या खऱ्या संकेतावर चालवून पाहावा, अशी तजवीज पुढील सत्रारंभापूर्वी व्हावी.

आपले विश्वासू,
विद्यार्थी व पालक,
मु. पो. करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा