हिरकणीचं कौतुक पुरे, आता दरवाजा उघडा

गरोदर बाईने, त्यातही दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन, धुळ्याहून मुंबईला जावं का?

गेल्या महिन्यात हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला की यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. पोस्ट मोठी आहे, पण वाचा. पुरुषांनी तर जरूर वाचा.

निमित्त घरचंच आहे. माझ्या भाचीला सहावा महिना चालू होता. थोरला मुलगा दोन वर्षांचा. तिची बहीण डोंबिवलीला राहते. भाचीचं म्हणणं साधं होतं. "बाळंतपण झालं की पुढची दोन वर्षं मला कुठे जाता येणार नाही. आत्ताच आठ दिवस ताईकडे जाऊन येते. पोराला राणीच्या बागेतले पेंग्विन दाखवते." डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, जा म्हणाले.

पण डॉक्टरांपेक्षा गल्ली मोठी. देवपुरात बातमी फुटायला वेळ लागत नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "इतलं पोट लिसनी मुंबईले काय काम शे व माय?" नातेवाइकांचे फोन आले. एकाने तर मलाच सुनावलं, "तुम्ही पत्रकार माणूस, तुम्ही तरी समजवायचं ना."

यात एक गंमत बघा. तिला मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवायला न्यायचं असतं, तर कोणी एक शब्द बोललं नसतं. उलट गाडी करून दिली असती. म्हणजे अडचण प्रवासाची नव्हती. बाई काम नसताना, आजार नसताना, निव्वळ बरं वाटावं म्हणून निघाली होती, खरं दुखणं तिथे होतं.

आणि काळजीच म्हणाल, तर ती आपण सगळ्यांची सारखी करतो का? दिवाळी झाली की साक्री, शिरपूर, नंदुरबारकडची कितीतरी आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला गुजरातकडे निघतात. टेम्पोत, ट्रकमध्ये, भांड्याकुंड्यांसोबत. त्यात पोटुशा बाया असतात, त्यांच्या कडेवर लहान पोरं असतात. तिथे कोणी आजी विचारायला येत नाही की, "माय, अशा अवस्थेत कुठे चाललीस?" तिला जावंच लागतं म्हणून आपण गप्प, आणि हिला जावंसं वाटतं म्हणून आपल्याला कंठ फुटतो.

आता वैद्यकीय बाजू. गर्भारपणात काही गुंतागुंत नसेल तर डॉक्टर प्रवासाला सरसकट मनाई करत नाहीत. साधारण १४ ते २८ आठवड्यांचा काळ त्यातल्या त्यात सोयीचा मानला जातो. एका जागी तासनतास बसू नका, दर दीड-दोन तासांनी उठून थोडं चाला, पाणी भरपूर प्या, पट्टा लावायचा तर पोटावरून नको, पोटाखालून घ्या, असं सांगतात. कारण गर्भारपणात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो.

वाचायला किती सोपं आहे. उठून चाला आणि पाणी प्या. आता हेच धुळे-मुंबई रस्त्यावर करून दाखवा.

मी आणि आमची सौ. सोबत गेलो होतो. मालेगाव, चांदवड, नाशिक, इगतपुरी, कसारा घाट, भिवंडी, असा सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता. घाट बरा म्हणावा अशी भिवंडीची कोंडी. मालेगाव सुटलं तरी भाचीने बाटलीचं झाकण उघडलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "मामा, पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठे?" तिने आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी केलं होतं. सौ. म्हणाली, "यात नवीन काय? आम्ही सगळ्या असंच करतो."

वीस वर्षं या जिल्ह्याच्या बातम्या लिहितोय. रस्ता रुंदीकरण, टोल, अपघात, आंदोलनं, सगळं छापून झालं. पण निम्मे प्रवासी तहानलेले बसतात, ही बातमी कधी कोणी छापली? लघवी दाबून ठेवणं, पाणी न पिणं यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. गरोदरपणात तो संसर्ग अंगावर काढला तर दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. म्हणजे धोका मुंबईत नव्हता, पोटात नव्हता. तो कडी नसलेल्या दारात होता.

कडी नसलेलं दार हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. वाटेतल्या एका थांब्यावर खरंच दाराला कडी नव्हती. सौ. बाहेर दार धरून उभी राहिली. पोरगं माझ्या खांद्यावर रडत होतं. पुढे एका मोठ्या स्थानकावर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी दिसली. बरं वाटलं, जरा पाठ टेकेल, पोराचे कपडे बदलता येतील. दाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले. खिडकीतून पाहिलं तर आत मोडक्या खुर्च्या आणि गुंडाळलेले बॅनर. स्थानकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा त्या एका गावावर जाते आणि बाकीचे सुटतात.

आता पोराच्या तिकिटाचं बघा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. चांगलं आहे. पण तिकीट नाही म्हणजे सीटही नाही. मूल आईच्या मांडीवर बसणार, असं त्यात गृहीत धरलंय. सहाव्या-सातव्या महिन्यात मांडी उरते कुठे? नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर एक बाई होती आणि एक मूल होतं. एक पोटात, एक मांडीवर, अशी बाई त्यांनी पाहिलीच नव्हती. आणि आपल्याकडे दुसऱ्या खेपेला बहुतेक बायका अशाच असतात.

मुंबईला नावं ठेवायची आपल्याला सवय आहे. पण डोंबिवलीच्या बहिणीने भाचीला लोकलच्या दिव्यांग डब्यात बसवलं. त्या डब्यातून गरोदर बाईला प्रवास करता येतो, हा नियमच आहे. आत गेल्यावर एका काठीवाल्या गृहस्थांनी स्वतः सरकून जागा दिली. राणीच्या बागेत पेंग्विन पाहून आमचं पोरगं "बदक, बदक" करत नाचलं. भाची आठ दिवसांत इतकं हसली, तितकं मी तिला वर्षभरात हसताना पाहिलं नव्हतं. पण शहराचं सगळंच गोड नव्हतं. जिना चढताना दर दहा पायऱ्यांवर थांबावं लागायचं. फूटपाथवर बाबागाडी चार पावलंसुद्धा सरळ जात नव्हती.

तुम्ही म्हणाल, सामान्य बाईचं कोण ऐकतं? तर आमदार बाईचं काय झालं ते आठवा. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. मोठं कौतुक झालं, फोटो आले. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाला त्या बाळाला घेऊन आल्या, तर विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ आणि सोयींचा पत्ता नाही. कॅमेऱ्यांसमोर त्यांना रडू आलं. मग धावपळ झाली. जिथे कायदे होतात त्या इमारतीत, निवडून आलेल्या बाईला ही वागणूक, तर चांदवडच्या थांब्यावर उभ्या असलेल्या शेतमजूर बाईने काय अपेक्षा करायची?

खरं तर या कक्षाच्या नावातच सगळी गोष्ट आहे. हिरकणीची कथा आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दिवस मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ. पहारेकऱ्यांनी दार उघडलं नाही. ती कडा उतरून घरी गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला. आपण या कथेतून एकच धडा घेतला, की आई बाळासाठी काहीही करू शकते. आणि मग प्रत्येक आईला कडा उतरायला लावलं. तिच्या नावाची बस काढली, तिच्या नावाच्या खोल्या काढल्या, आणि खोलीला पुन्हा कुलूप लावलं! बाईला दर वेळी जिवावर उदार व्हायला लागू नये म्हणून काय करायचं, हा धडा राहूनच गेला.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. बायका घराबाहेर पडल्या, हे आज कुठल्याही स्थानकावर डोळ्यांनी दिसतं. पण तिकीट अर्धं झाल्यावर गर्दी वाढणार, मग स्वच्छतागृहं, बाकं, पंखे दुप्पट नकोत का? रेल्वेतही गरोदर महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन तिकीट खिडकीवर विचारा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी मोफत देणं पंपवाल्याला बंधनकारक आहे. तो उपकार नाही, हक्काने मागा. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना महिलांसाठी स्वच्छतागृहं बांधण्याचे आदेश दिले. आपल्या धुळ्यातही २००३ पासून महापालिका आहे. आता बाजाराच्या दिवशी आग्रा रोडवर, पाच कंदील परिसरात खरेदीला आलेल्या गरोदर बाईला विचारा की जायला जागा कुठे आहे. उत्तर बहुतेक वेळा ओळखीच्या दुकानाचं किंवा नातेवाइकाच्या घराचं मिळेल.

लगेच कोणीतरी म्हणेल, पैसा कुठून आणायचा? लंडनमध्ये २००५ पासून गरोदर बायकांना छातीवर लावायला एक साधा बिल्ला फुकट देतात. तो दिसला की लोक उठून जागा देतात. जपानने २००६ मध्ये तशीच खूण आणली. बिल्ल्याला किती खर्च येतो? दाराच्या कडीला किती येतो? कुलपाची किल्ली जेवायला जाणाऱ्याच्या खिशात न ठेवता चौकशी खिडकीवर टांगायला किती येतो?

आणि मोठ्या पैशाचंच बोलायचं, तर तोही येतोय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्थानकं. चाळीसगावचा फाटा १९०० सालचा, त्यानंतर धुळ्याने मोठ्या रेल्वेमार्गाची किती वाट पाहिली, हे सांगायला नको. आपले पुढारी भूसंपादन, मोबदला, श्रेय यावर बोलतायत. एकाने तरी मागणी केलीय का, की या ३० स्थानकांच्या नकाशातच आई-बाळाची खोली, उतरता रॅम्प आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह आखा? नकाशावर असताना ते फुकटात जमतं. इमारत उभी राहिल्यावर टेंडर निघतं, आणि टेंडर निघाल्यावर काय होतं ते आपण जाणतो.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर. डॉक्टर हो म्हणत असतील आणि तिला जावंसं वाटत असेल, तर तिने जावं. मुंबईला जावं, पुण्याला जावं, आखाजीला माहेरी यावं, नुसतं समुद्र बघायला जावं. "अशा अवस्थेत कशाला?" हा प्रश्न तिला विचारू नका. तो स्थानकप्रमुखाला विचारा, नगरसेवकाला विचारा, खासदाराला विचारा, की "साहेब, स्थानक अशा अवस्थेत का?"

आता तुमच्याकडे एक काम. या आठवड्यात धुळे, शिरपूर, साक्री, दोंडाईचा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, जिथे कुठे बसस्थानकावर जाल तिथे हिरकणी कक्ष शोधा. उघडा आहे का, पंखा चालतो का, किल्ली कोणाकडे आहे, ते बघा. आत कोणी माउली नसेल तरच फोटो काढा आणि गावाच्या नावासह खाली टाका. चांगला असेल तर तोही टाका, तिथल्या कर्मचाऱ्यांचं कौतुक करू. पंधरा दिवसांत जेवढे जमतील तेवढे एकत्र करून विभाग नियंत्रकांकडे निवेदन देतो, आणि त्याची पोच इथेच टाकतो.

बायकांनी तर लिहाच. प्रवासात पाणी न पिता किती तास काढले, एवढं एका ओळीत लिहिलं तरी पुरे.