नारळी पौर्णिमेपर्यंत मुदत

सावित्रीच्या खाडीत होड्या बांधायला जागा देणाऱ्या आणि त्या जागेचे पैसे घेणाऱ्या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. तुम्ही धक्क्याचे ठेकेदार असाल, ठेकेदाराने नेमलेले व्यवस्थापक असाल, नाहीतर त्यांच्या पाठीशी उभी असलेली वजनदार माणसं असाल. मी इथे कुणाचं नाव घेणार नाही. नाव घेण्याची वेळ आली तर ते सही-शिक्क्याच्या तक्रारीत येईल. ती वेळ येऊ द्यायची की नाही, हे तुमच्या हातात आहे आणि त्यासाठी नारळी पौर्णिमेपर्यंत अवकाश आहे.

मी पाचाडचा. रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने खाडीच्या कारभारात का पडावं, असं मला धक्क्यावरच ऐकवण्यात आलं. उत्तर सरळ आहे. रायगडाच्या दोन्ही अंगांनी वाहणाऱ्या काळ आणि गांधारी या नद्या महाडजवळ सावित्रीला मिळतात आणि तेच पाणी पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जातं. आमच्या डोंगरावर पडलेला पाऊस तुमच्या धक्क्याखालून जातो. शिवाय खाडीवरच्या एका मचव्यात माझी निम्मी भागी आहे. उरलेली निम्मी माझ्या मेव्हण्याची. तो मचवा चालवतो, मी पाचाडला खाणावळ चालवतो आणि दोन घरं त्या दोन धंद्यांवर उभी आहेत.

गेल्या हंगामात काय झालं ते सांगतो. महिन्याचं भाडं आम्ही वेळेवर देत होतो. एका सकाळी हंगामाच्या ऐन मध्यावर दर दुप्पट झाल्याचं तोंडी कळवण्यात आलं. वर अनामत रक्कम मागितली. कशाबद्दल, किती दिवसांसाठी, परत कधी मिळणार, याचं उत्तर मिळालं नाही. पावती मागितली तर "जमत नसेल तर होडी सोडून न्या" असं ऐकवलं. आम्ही जुन्या दराने पैसे पुढे केले तेव्हा ते घेतले नाहीत. आमचा मचवा आतल्या जागेवरून काढून पार टोकाला बांधायला लावला. तिथे ओहोटीला पाणी उतरलं की होडी गाळावर बसत नाही, दगडावर बसते. तिसऱ्या दिवशी तळाची फळी तडकली. भरपाईचा विषय काढताच भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: होडी मालकाच्या जबाबदारीवर. त्याच संध्याकाळी मचव्याला साखळी आणि कुलूप लागलं.

हा फक्त माझा अनुभव असता तर मी गप्प बसून निस्तरलं असतं. पण खाडीवर ज्याच्याकडे जावं त्याच्याकडे अशीच एखादी हकिगत निघते. कुणाला भाड्याखेरीज पाण्याचे वेगळे पैसे, कुणाला राखणीचे वेगळे, कुणाची जागा रातोरात दुसऱ्याला. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कागद कुणाकडेच नाही. तुमचा सगळा कारभार तोंडी चालतो आणि तोंडी कारभारात जो धक्क्यावर बसलेला असतो त्याचंच तोंड मोठं ठरतं. म्हणून आम्हा होडीवाल्यांच्या सगळ्या मागण्यांचं मूळ एकच आहे: जे घ्यायचं, जे द्यायचं, जे नाकारायचं, ते लिहून द्या.

तुम्ही कायद्याची भीती घालता, तर कायद्याबद्दलच बोलू. १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १७१ तुमच्यापैकी काहींच्या जिभेवर असतं. त्या कलमाने धक्केवाल्याला, थकबाकी असेल तर, आपल्या स्वाधीन केलेला माल अडवून ठेवण्याचा अधिकार दिला आहे, हे खरं आहे. पण 'स्वाधीन केलेला' हे शब्द नीट वाचा. होडी तुमच्या ताब्यात दिली असेल तरच तो अधिकार उभा राहतो. आणि ताबा तुमच्याकडे असेल तर त्याच कायद्याचं कलम १५१ही लागू होतं. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी काळजी तुम्ही आमच्या होडीची घेतली पाहिजे. मग ती दगडावर बसवून फळी तडकवण्याची जबाबदारी तुमची. उलट तुम्ही म्हणत असाल की आम्ही फक्त जागा दिली, ताबा मालकाचाच, तर साखळी कुठल्या अधिकाराने लावली? कुलूप लावताना होडी तुमची आणि फळी तडकली की होडी आमची, असं दोन्ही तोंडांनी बोलता येणार नाही. एक भूमिका घ्या आणि ती लिहून द्या.

दुसरा कायदा २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात 'अन्याय्य करार' याची व्याख्या दिली आहे. अवास्तव अनामत, नुकसानाच्या मानाने कितीतरी जास्त दंड, कारणाशिवाय एकाच बाजूने करार मोडण्याची मुभा, या गोष्टी त्या व्याख्येत नावानिशी येतात आणि अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. होडीवाला धंदा करतो म्हणून तो ग्राहक नाही, असा युक्तिवाद तुम्ही कराल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्याने व्यापारी हेतूत धरलेली नाही. तोच न्याय सेवेलाही लागू व्हावा, असं आम्ही आयोगापुढे मांडू. आमचा मचवा मेव्हणा स्वतः हाकतो. त्याच्या हातांवरचे घट्टे हा आमचा पुरावा आहे.

तिसरी गोष्ट, ही खाडी कुणाच्या अंगणातलं डबकं नाही. २०१६च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर झाले. त्यात सावित्री नदी, म्हणजेच बाणकोटची खाडी, ८९ क्रमांकाचा जलमार्ग आहे. महाराष्ट्रातली लहान बंदरं सांभाळण्यासाठी १९९६च्या कायद्याने महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झालेलं आहे. धक्का ज्याने ठेक्याने घेतला त्याला तो कुठल्यातरी अटींवर मिळाला आहे. त्या अटींची प्रत माहितीच्या अधिकारात कुणीही नागरिक मागू शकतो. आम्ही ती मागणार आहोत. त्या कागदात जो दर नसेल, तो दर तुम्ही आमच्याकडून कसा घेतला, हे तुम्हाला सांगावं लागेल.

उद्या रायगडाच्या पर्यटनाच्या नावाने या खाडीत नव्या जेट्या उभ्या राहतील. त्याला आमचा विरोध नाही. पण त्या बांधताना होडीवाल्याला विचारलं जाईल का? मुंबईत गेटवेजवळ रेडिओ क्लबच्या बाजूला २२९ कोटींची जेटी ठरली तेव्हा तिथल्या रहिवाशांनी प्रकरण २०२५ मध्ये उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. त्यांना निकाल हवा तसा लागला नसेल, पण त्यांचं म्हणणं नोंदलं तरी गेलं. आमच्या खाडीतल्या तांडेलाचं म्हणणं कुठल्या वहीत नोंदलेलं आहे? तो आपलं म्हणणं दोरखंड बांधता बांधता सांगतो आणि ते वाऱ्यावर जातं.

ज्यांना हे सारं क्षुल्लक वाटतं त्यांनी या खाडीचा इतिहास आठवावा. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रहासाठी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दासगावला उतरले. धरमतरची वाट त्यांनी जाणून टाळली. गाडीवाल्यांनी गाडीत घ्यायचं नाकारलंच तर दासगावहून महाड पाच मैलांवर होतं, चालत जाता येणार होतं. वाट अडवणारा माणूस कुठे उभा राहू शकतो, याचा हिशेब त्यांनी आधीच केला होता. धक्का आणि वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती दुसऱ्याचं पाऊल असतं. म्हणूनच त्या हातावर नियम हवा.

आणि गडाच्या छायेत राहतो म्हणून हेही सांगतो. स्वराज्याचा अनुभव ज्यात लिहून ठेवला त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांसाठी लाकूड लागतं, तरीही रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच ते तोडावं, असं त्यात बजावलेलं आहे. ज्या सत्तेकडे गड होते, फौज होती, तोफा होत्या, त्या सत्तेला एका झाडासाठी रयतेची राजीखुशी लागत होती. तुमच्याकडे एक धक्का आणि एक कुलूप आहे. तुम्हाला राजीखुशी नको? गडावर येऊन महाराजांचा जयजयकार करायचा आणि खाली उतरून गरिबाच्या होडीला साखळी लावायची, हे आम्ही यापुढे चालू देणार नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. होडी बांधण्याचे दर, होडीच्या लांबीप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे, धक्क्यावर मराठीत ठळक लावा. हंगाम सुरू झाल्यावर तो संपेपर्यंत दर बदलायचा नाही.

२. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्या. पावती नाही, तर पैसा नाही.

३. प्रत्येक होडीमालकाशी लेखी करार करा. त्यात जागा, मुदत, दर, अनामत आणि ती परत करण्याची तारीख असावी. एक प्रत मालकाकडे राहील.

४. जागा बदलायची असेल तर लेखी कारण आणि पुरेसा अवधी द्या. ओहोटीला दगड उघडे पडतात अशा जागी कुणाचीही होडी बांधायची नाही.

५. थकबाकीसाठी साखळी-कुलूप लावायचं नाही. पैसे येणं असेल तर रीतसर नोटीस द्या आणि योग्य ठिकाणी दाद मागा.

६. धक्क्याची, खुंटांची आणि कड्यांची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासणी करा आणि अहवाल सर्वांना पाहायला ठेवा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या गाड्या माणसांसह वाहून गेल्या. जुनं बांधकाम आहे, चालतंय तोवर चालू दे, हे म्हणण्याचा अधिकार त्या रात्रीनंतर या तालुक्यात कुणालाच उरलेला नाही.

७. पूर आला तर अडकलेल्यांना काढायला निघालेल्या कुठल्याही होडीला धक्का बिनशर्त मोकळा असेल, हे करारात लिहा. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्यात होतं आणि तळिये दरडीखाली गेलं. त्या दिवसांत होडीची किंमत काय असते ते या तालुक्याने पाहिलं आहे. कुलपाची किल्ली शोधत बसायला पूर वेळ देत नाही.

यातली एकही मागणी फुकटाची नाही. आम्ही भाडं माफ करा म्हणत नाही. ठरलेलं भाडं ठरलेल्या दिवशी देऊ.

आता दोन शब्द माझ्याच माणसांना, आणि तेही तितक्याच कडकपणे. होडीवाल्या भावांनो, तुमच्यापैकी काहीजण वर्षवर्ष भाडं थकवतात आणि कुणी विचारलं की आम्हा सर्वांच्या आड लपतात. काहींनी सडलेले सांगाडे धक्क्याला लावून ठेवले आहेत. ना ते चालत, ना जागा मोकळी होत. काही रात्री सक्शन पंप लावून वाळू उपसतात आणि दिवसा गरीब होडीवाला म्हणून पुढे उभे राहतात. माणसं वाहायची तर होडीची नोंदणी, तपासणी, विमा आणि प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट लागतं. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, तेव्हापासून कोकणातल्या कितीतरी घरांत पावसाळ्यातल्या बोटीचं नाव काढलं की काळजात धस्स होतं. ज्याची होडी या नियमांत बसत नाही, त्याच्यासाठी आम्ही एक शब्दही बोलणार नाही. हक्क मागायचा तर आधी आपला हिशेब चोख ठेवा. थकबाकी असेल तर ती नारळी पौर्णिमेच्या आत भरा आणि पावती मागून घ्या.

आता धक्केवाल्यांनो, पुन्हा तुमच्याकडे वळतो. सध्या पाऊस आहे, होड्या वर ओढून शाकारलेल्या आहेत. धक्का रिकामा आहे आणि बोलायला निवांत वेळ आहे. या दिवसांत बसा, आम्हाला बोलवा. आम्ही पाचजण येऊ, चहा पिऊ, कागद लिहू. नारळी पौर्णिमेच्या आधी करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या तर हा इशारा इथेच संपला असं समजा. त्यानंतर मी स्वतः धक्क्यावर येऊन तुमचे जाहीर आभार मानेन.

सह्या झाल्या नाहीत तर पुढचं ऐका. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लेखी तक्रारी सागरी मंडळाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातील. माहितीच्या अधिकारातला अर्ज त्याच दिवशी दाखल होईल. पावती न देता घेतलेल्या पैशांच्या नोंदी आम्ही तारखांसह लिहून ठेवल्या आहेत, तडकलेल्या फळीची छायाचित्रं काढून ठेवली आहेत. ती सगळी कागदपत्रं ग्राहक आयोगासमोर जातील. आणि नव्या हंगामात आमच्यातली एकही होडी तुमच्या खुंटाला दोर लावणार नाही. आम्ही कुणाची वाट अडवणार नाही, दगड उचलणार नाही, कुणाला हात लावणार नाही. होड्या आम्ही गावच्या किनाऱ्यावर जुन्या पद्धतीने ओढून ठेवू. त्रास आम्हाला होईल, पण रिकाम्या धक्क्याचा ठेका तुम्हालाही भरावाच लागेल.

धमकी द्यायची म्हणून हे लिहिलेलं नाही. प्रत्येक शब्द ठरवून लिहिला आहे आणि प्रत्येक शब्दाला आम्ही बांधलेले आहोत. नारळी पौर्णिमेला आम्ही खाडीला नारळ अर्पण करू. त्या दिवशी आमच्या हातात करार असेल, नाहीतर दुसऱ्या दिवशी तक्रारीची पोच असेल. रिकाम्या हाताने या वेळी कुणी घरी जाणार नाही.