करवत स्वस्त झाली म्हणे!

महागाईवर बोलणारी माणसं आमच्या गोतावळ्यात दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार काकांचा. "आमच्या वेळी सोनं दोनशे रुपये तोळा होतं" हे वाक्य झाल्याशिवाय त्यांचं जेवण पूर्ण होत नाही. पगार किती होता असं विचारलं की काका पाण्याचा तांब्या शोधायला लागतात. :-)

दुसरा प्रकार त्या काकांच्या मुलांचा. हे शिकलेले. यांच्या खिशात कॅल्क्युलेटर. "अहो, महागाई धरून हिशेब करा, म्हणजे कळेल की वस्तू उलट स्वस्त झाल्यात!" असं म्हणून ते असे हसतात की समोरचा गप्पच बसतो. काका निदान निरुपद्रवी आहेत. माझं भांडण आहे ते या दुसऱ्या मंडळींशी.

उदाहरण घेऊ चेनसॉचं, म्हणजे गावाकडे ज्याला 'कटर' किंवा नुसतं 'मशीन' म्हणतात त्या लाकूड कापायच्या यांत्रिक करवतीचं. आणि घेऊ अमेरिकेतलं. तिथे ही वस्तू घराघरात असते आणि किमती-पगारांचे आकडेही वर्षानुवर्षं लिहून ठेवलेले आहेत. शिवाय टीव्ही किंवा फ्रिज घेऊन माणूस फक्त तो वापरतो, करवत घेऊन माणूस पोट भरतो. त्यामुळे करवत स्वस्त की महाग हा प्रश्न हौसेचा उरत नाही.

साल १९६८. रॉबर्ट मॅककुलॉक नावाचे चेनसॉचे एक मोठे कारखानदार होते. त्यांनी त्या वर्षी चक्क लंडन ब्रिज विकत घेतला! गंमत नाही करत. २४ लाख ६० हजार डॉलर मोजले, दगडांवर नंबर घातले, जहाजातून अमेरिकेला आणले आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात लेक हवासू सिटी या स्वतःच वसवलेल्या गावात तो पूल पुन्हा उभा केला. १९७१ साली त्याचं उद्घाटन झालं. करवतीच्या धंद्यात तेव्हा पैसा होता तो असा.

त्याच १९६८ साली अमेरिकेचं संघराज्य पातळीवरचं किमान वेतन तासाला १ डॉलर ६० सेंट झालं. आणि महागाई वजा करून बघितलं तर या किमान वेतनाची किंमत त्या वर्षीइतकी पुन्हा कधीच झाली नाही. हे साल जरा लक्षात ठेवा.

आता आपल्या कॅल्क्युलेटरवाल्या भावाला बोलवू. हिशेबाच्या सोयीसाठी समजा, १९६८ मध्ये एक दणकट करवत १५० डॉलरला होती. १९६८ ते २०२४ या काळात अमेरिकेतला ग्राहक किंमत निर्देशांक साधारण ९ पट झाला. म्हणजे ते १५० डॉलर २०२४ चे झाले १३५०. आणि २०२४ मध्ये व्यावसायिक कामाची चांगली करवत हजार डॉलरच्या आसपास मिळत होती. भाऊ टाळी वाजवतो. "बघा! चतुर्थांशाने स्वस्त!"

थांब रे बाबा. आता हाच हिशेब पैशांत न करता दिवसांत करू. करवत घ्यायला किती दिवस राबावं लागतं, एवढंच बघू.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या साध्या कामगाराची (साहेब लोक वगळून) सरासरी मजुरी तासाला ३ डॉलरच्या आसपास होती. १५० डॉलरची करवत म्हणजे ५० तास, आठ तासांचा दिवस धरला तर सहा दिवस. २०२४ मध्ये हीच सरासरी ३० डॉलरच्या आसपास. हजार डॉलरची करवत म्हणजे सुमारे ३३ तास, चार दिवसांहून थोडं जास्त. म्हणजे इथेही करवत स्वस्तच झाली. भाऊ अजून खूश.

आता किमान वेतनावरचा माणूस घ्या. १९६८ मध्ये १ डॉलर ६० सेंटने १५० डॉलर जमवायला ९४ तास, म्हणजे जवळपास १२ दिवस. २०२४ मध्ये संघराज्याचं किमान वेतन किती? ७ डॉलर २५ सेंट. २००९ च्या जुलैत ठरलेलं, त्यानंतर एक पैसाही न वाढलेलं. या दराने हजार डॉलरला लागतात १३८ तास. सतरा दिवस!

बघा हं. तीच करवत, तीच दोन सालं, तेच आकडे. महागाईच्या फूटपट्टीने ती चतुर्थांशाने स्वस्त, सरासरी कामगाराला सहा दिवसांवरून चार दिवसांवर, आणि सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला बारा दिवसांवरून सतरा दिवसांवर. तिन्ही हिशेब बरोबर आहेत. फक्त आपला भाऊ पहिला सांगतो आणि बाकीचे दोन खिशात ठेवतो. माझा राग त्याच्यावर आहे तो एवढ्यासाठीच.

लगेच दोन आक्षेप येणार, ते मीच मांडतो.

पहिला : हजार डॉलरची करवत कशाला हवी? मोठ्या दुकानांत दोनशे डॉलरलाही पेट्रोलवर चालणारी करवत मिळते की. मिळते, आणि किमान वेतनावरच्या माणसालाही ती साडेतीन दिवसांत परवडते. पण ती अंगणातल्या पडलेल्या फांदीसाठी असते हो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आठवड्याचे सहा दिवस जाडजूड खोडं कापायला ती केलेलीच नसते. घरमालकाची करवत खूप स्वस्त झाली आणि मजुराची झाली नाही, हेच तर मी सांगतोय.

दुसरा : लाकूडतोडे काही किमान वेतनावर काम करत नाहीत. मान्य. जंगलात मुरलेला माणूस यापेक्षा बराच जास्त कमावतो. पण तो ज्या पायरीवरून वर चढला ती पायरी बघा. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी ही इमारती लाकडाची मोठी राज्यं, आणि २०२४ मध्ये या तिन्ही राज्यांत तो ७ डॉलर २५ सेंटचाच आकडा लागू होता. तिथल्या एखाद्या पोराला हॉटेलातली भांडी घासायचं सोडून स्वतःची करवत घेऊन स्वतःचा धंदा सुरू करायचा असेल तर? त्याचा उंबरठा आजोबांच्या काळापेक्षा उंच झालाय. आणि ज्याच्याकडे स्वतःचं हत्यार नाही तो दुसऱ्याच्या हत्यारावर, दुसऱ्याने ठरवलेल्या दराने राबतो. हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही, आपल्याकडच्या कुठल्याही सुताराला विचारा.

बरं, त्या सतरा दिवसांत तो काय खातो, कुठे राहतो? 'महागाई ९ पट' हा सगळ्या वस्तूंचा मिळून काढलेला आकडा. त्यात टीव्ही, कपडे आकडा खाली ओढतात. घर, दवाखाना, कॉलेज वर ओढतात. १९६८ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या नव्या घराची मधली किंमत २५ हजार डॉलरच्या आसपास होती, २०२४ मध्ये ती ४ लाख २० हजारांच्या आसपास गेली. ९ पट नव्हे, जवळपास १७ पट. करवत माणूस पाच-सात वर्षांतून एकदा घेतो. भाडं दर महिन्याला भरतो. स्वस्त टीव्हीने भाडं भागत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच किमतीत धरली जात नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकडेवारीत जंगलतोडीचं काम हे सगळ्यात जीवघेण्या कामांत वर्षानुवर्षं अगदी वर असतं. २०२२ आणि २०२३ मध्ये दर लाख लाकूडतोड्यांमागे शंभराच्या आसपास मृत्यू. सगळ्या कामगारांचा मिळून हाच आकडा चारच्या आत. करवतीत साखळी थांबवणारा ब्रेक आला, हाताला बसणारे हादरे कमी करणारी मूठ आली, हे फार चांगलं झालं. आजच्या करवतीची किंमत त्यासाठीही आहे, आणि ती द्यावीच. पण म्हणूनच ती किंमत त्या हाताला पेलली पाहिजे. नाहीतर ब्रेक असलेली करवत दुकानात राहते आणि घासून गुळगुळीत झालेली जुनी करवत जंगलात जाते.

"हे अमेरिकेचं झालं, आपल्याला काय त्याचं?" असं आत्या म्हणणार. तर ऐका. आपल्याकडे उलटी गंमत आहे. अमेरिकेतलं किमान वेतन महागाईला बांधलेलं नाही, म्हणून ते झिजलं. आपल्या मनरेगाची मजुरी २०११ पासून शेतमजुरांच्या किंमत निर्देशांकाला बांधली गेली. छान वाटतं ना? पण हा निर्देशांक ज्या टोपलीवर उभा होता, म्हणजे मजूर कशावर किती खर्च करतो हे ज्यावरून ठरलं, ती पाहणी होती १९८३ ची! मोबाईलचा रिचार्ज, इंग्रजी शाळेची फी, मोटरसायकलचं पेट्रोल हे सगळं त्यानंतरचं.

आणि टोपली अगदी ताजी असती तरी काय? निर्देशांकाला बांधलेली मजुरी म्हणजे काल जेवढं घेता येत होतं तेवढंच आज घेता येईल. त्याहून जास्त कधीच नाही. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये हा दर दिवसाला २९७ रुपये होता. कायद्याने हमी दिलेले शंभरच्या शंभर दिवस काम मिळालं तरी हातात येणार २९,७०० रुपये. तीस हजारांची करवत घ्यायची म्हटली तर वर्षाची सगळी हमी तीत गेली, वर तीनशे रुपये उधार. आणि त्या वर्षात खायचं काय, ते विचारू नका.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. वस्तू स्वस्त झाली असं कोणी म्हटलं की त्याला दोनच प्रश्न विचारा : किती दिवसांची? आणि कोणाच्या दिवसांची? उत्तर 'सरासरी'चं आलं तर सोडू नका, सगळ्यात खालच्या माणसाचं उत्तर मागा. आणि ते उत्तर वाढत चाललं असेल तर दोष करवतीच्या किमतीत शोधण्याआधी मजुरीत शोधा. पंधरा-पंधरा वर्षं किमान वेतनाला हात न लावणारे लोक आणि मजुराला कालच्या टोपलीत बसवून ठेवणारे लोक, दोघांनाही 'महागाई धरून' हा शब्द फार सोयीचा पडतो.

असो. लेख लांबला. काकांना मात्र या वेळी पाण्याचा तांब्या शोधू देणार नाही. पगार विचारणार. त्यांचा आणि त्यांच्याकडे तेव्हा लाकडं फोडायला येणाऱ्या गड्याचाही.