बेसमेंट टू मधली ऑफर

शनिवारची संध्याकाळ. नगर रोडवरच्या एका मॉलचं बेसमेंट टू. दोन्ही हातांत पिशव्या, स्कूटरची चावी नेहमीप्रमाणे पर्सच्या तळाशी. तेवढ्यात मागून आवाज, ''मॅडम, एक मिनिट!''

इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, नम्र चेहरा. टिपिकल चोर वगैरे अजिबात नाही. म्हणाला, ''एक्झिबिशनचा डेमो पीस आहे, स्टॉल बंद झाला. परत पाठवायचा खर्च परवडत नाही.'' हातात चकाचक फोन. शोरूममध्ये किंमत लाखाच्या आसपास. हा मागत होता पंचवीस हजार. मी ''नको'' म्हटलं तर अठरा. स्कूटरपर्यंत पोचेस्तोवर बारा!

आणि खोटं कशाला बोलू, मी थांबले. फोन हातात घेतला. चालू होता, कॅमेरा मस्त. मग कुठूनसा एक ''अनोळखी'' काका उगवला. म्हणे, मला द्या, मी चौदा देतो. काकांची एंट्री जरा जास्तच टायमिंगवाली होती हो!

खरं तर मला हे सगळं आधीच माहीत असायला हवं होतं. माझी फ्लॅटमेट मागच्या वर्षी अशीच नऊ हजारांना गंडली. वडिलांच्या रिटायरमेंटसाठी फोन घ्यायचा होता तिला. तिनेही फोन हाताळून बघितला, तो खराच होता. पैसे दिल्यावर विकणारा एकदम घाईत, ''सिक्युरिटी येतेय, लवकर ठेवा!'' पाऊचमध्ये फोन, पाऊचला चेन, पाऊच तिच्या हातात. फक्त पाऊच दुसरा. रिक्षात उघडला तर आत फोनच्या मापाने कापलेली जाड काच. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, म्हणजे मेहनत बघा! बाबांना शेवटी शर्टपीसवर भागवावं लागलं.

पोलिसांकडे गेली? छे. चोरीचा आहे असं वाटायला कारण असताना माल घेणं हाही गुन्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यामुळे फसलेला गप्प बसतो, हे या मंडळींना पक्कं ठाऊक असतं. (तिच्या हातात आली काच, तरी घाबरली हीच!)

अमेरिकेत याचा मोठा भाऊ आहे, व्हाइट व्हॅन स्पीकर स्कॅम. १९८०च्या दशकापासून चालू. पार्किंग लॉटमध्ये पांढरी व्हॅन, गोडाऊनने चुकून जास्त दिलेले स्पीकर, ग्लॉसी ब्रोशरवर दोन हजार डॉलर छापलेले. आत माल भंगार. गंमत म्हणजे गिऱ्हाइकाला वाटतं, गोडाऊनला आपणच गंडवतोय.

तर बेसमेंट टू. मी म्हटलं, ''स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबते, आयएमईआय नंबर बघू.'' फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालाय का, हे त्या नंबरवरून कळतं. 'केवायएम', स्पेस, नंबर, आणि १४४२२ ला एसएमएस. किंवा संचार साथी. त्याने फोन अलगद काढून घेतला. ''घ्यायचा नसेल तर टाइम खोटी करू नका मॅडम.'' तो आणि काका एकाच बाइकवर गेले.

रॅम्पवर स्कूटर चढवताना मी मात्र अजून हिशेब करत होते, बाराचे दहा झाले असते का!