संमतिपत्राची मराठी

‘उपचार’ आणि ‘चाचणी’ हे शब्द समानार्थी नाहीत. उपचारात रुग्णाचे हित हा एकमेव हेतू असतो. चाचणीत त्याच्या जोडीला ज्ञानप्राप्तीचाही हेतू असतो. आजारी बालकाच्या पालकांपुढे संमतिपत्र येते, तेव्हा हा भेद निर्णायक ठरतो.

‘स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी’ या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचे उदाहरण घेऊ. एका जनुकातील दोषामुळे स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात. अर्भकावस्थेतील तीव्र प्रकारात मूल आधाराशिवाय बसूही शकत नाही. औषधाअभावी बहुतेक मुले दोन वर्षांच्या आत दगावतात किंवा त्यांना कायम व्हेंटिलेटर लागतो. अशा अर्भकांवर ‘नुसिनर्सेन’ या औषधाची चाचणी झाली. दर तिघांपैकी दोघांना पाठीच्या कण्यातून औषध दिले गेले. तिसऱ्याच्या पाठीला नुसती सुई टोचून पट्टी लावली गेली. कोणाला काय मिळाले, हे पालकांना ठाऊक नव्हते.

हे निष्ठुर वाटते. तथापि तुलनेवाचून औषधाचा गुण कोणता आणि आपली आशा कोणती, हे कळत नाही. २०१६ मध्ये मधल्या टप्प्यावरच फरक स्पष्ट झाल्याने चाचणी मुदतीपूर्वी थांबवली गेली आणि वंचित राहिलेल्या मुलांनाही औषध देऊ केले गेले. अंतिम विश्लेषणात औषध मिळालेल्या ७३ पैकी ३७ मुलांच्या हालचालींत निश्चित प्रगती आढळली. न मिळालेल्या ३७ पैकी एकाच्याही नाही. तरीही औषध मिळालेली काही मुले वाचली नाहीत.

म्हणून चाचण्या व्हाव्यात, असेच माझे मत आहे. मात्र संमती खरी असावी. आपल्याकडील २०१९ च्या नियमांनुसार माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. परंतु मराठी लिपीतील प्रत्येक मजकूर समजणारी मराठी असतोच असे नाही. ‘यादृच्छिक विभागणी’ हा पारिभाषिक शब्द अचूक आहे, पण चिंताग्रस्त आईपर्यंत तो पोहोचत नाही. ‘औषध कोणाला मिळेल, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, तुमच्या बाळाला ते मिळणारही नाही,’ हे वाक्य पोहोचते.

असे वाक्य लिहिणे हे मराठीच्या अभ्यासकाचे काम आहे, असे मी मानतो. आपल्यापैकी कोणाकडे उद्या असा मजकूर अनुवादासाठी आला, तर एकच कसोटी लावावी: तो वाचून आईला ‘नाही’ म्हणता येईल का? तसे म्हणता येत असेल, तरच तिच्या होकाराला अर्थ आहे.