चिंता हें पाप नव्हे

मध्यरात्रीं छाती धडधडूं लागावी, श्वास कोंडावा, आतां आपण मरणार असें वाटावें आणि प्रार्थनेसाठीं जोडलेले हातहि कांपावेत, अशा अवस्थेंतील एखादी ख्रिस्ती गृहिणी आपल्या पाळकाकडे धांव घेते. त्यानें तिला काय सांगावें? ‘बाई, तुमचा विश्वास उणा आहे, पश्चात्ताप करा,’ असें सांगणारे समुपदेशक आजहि आहेत. या उपदेशानें तिची चिंता तर हटत नाहींच, उलट देव आपल्यावर रुष्ट झाला ही दुसरी चिंता तिच्या पदरीं पडते.

या मताला शास्त्राचें रूप देण्याचा मोठा यत्न अमेरिकेंत जे अ‍ॅडम्स या पाद्र्यानें १९७० सालीं ‘कॉंपिटंट टु कौन्सेल’ या ग्रंथांत केला. मेंदूच्या शारीरिक व्याधि त्यानें वैद्यांकडेच ठेविल्या, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. परंतु ज्या मनोव्यथेचें शारीरिक कारण दिसत नाहीं तिचें मूळ बहुधा पापांत शोधावें, आणि पवित्र शास्त्राच्या आधारें रोग्याची कानउघाडणी करावी, हा त्याचा सिद्धांत. चिंताविकार नेमका याच कात्रींत सांपडतो. कारण त्याची खूण क्ष-किरणांच्या चित्रांत उमटत नाहीं.

या पक्षाचा मुख्य आधार म्हणजे चिंता करूं नका ही पौलाची फिलिप्पैकरांस आज्ञा. पण ती बंदिवासांतून मित्रांस दिलेला दिलासा आहे, आरोपपत्र नव्हे. शिवाय तेथें जो ग्रीक धातु आहे, तोच त्याच पत्रांत तीमथ्याच्या स्तुतीसाठीं योजिला आहे. आणि सर्व मंडळ्यांच्या चिंतेचा भार आपण रोज वाहतों, असें करिंथकरांस लिहितांना पौल स्वतःच कबूल करतो. मग पौलासहि अविश्वासी म्हणावयाचें काय?

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखालीं मरण मागत पडला, तेव्हां देवदूतानें त्याला बोल लावला नाहीं. भाकर व पाणी दिलें, झोपूं दिलें, पुन्हा जेवूं घातलें. देवाचा प्रश्न आला तो चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर.

इंग्रज कवि विल्यम कूपर १७६३ सालीं चिंतेनें इतका खचला कीं त्यानें आत्महत्येचा यत्न केला. डॉक्टर कॉटन यांच्या उपचारगृहांत तो सावरला, आणि तेथेंच त्याला श्रद्धा गवसली. तरीहि १७७३ सालीं व्याधि उलटली. तेव्हां जॉन न्यूटन या पाळक मित्रानें त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं सांभाळलें. १७७९ च्या ऑल्नी स्तोत्रसंग्रहांत ज्याचीं स्तोत्रें आहेत, त्याचा विश्वास कोणत्या तराजूनें उणा ठरवावयाचा?

प्रार्थना, शास्त्रवाचन, मंडळीचा सहवास यांचें मोल आम्ही नाकारीत नाहीं; भेदरलेल्या जिवाला तो मोठाच आधार आहे. परंतु मिरजेस १८९४ सालीं विल्यम वॉन्लेस यांनीं मिशनचें रुग्णालय काढलें, तें हाड मोडलेल्यास केवळ उपदेश ऐकविण्यासाठीं नव्हे. मनाच्या दुखण्यासच निराळा न्याय कां? चिंताविकारावर आज औषधें आहेत, विचार व वर्तन यांस वळण देणारी मानसोपचारपद्धति आहे. रोग्यास त्या वाटेवर स्वतः पोंचवून जो पाळक पुन्हा त्याच्या उशाशीं येऊन बसतो, तोच खरा समुपदेशक. ज्याला हें साधत नसेल, त्यानें निदान पश्चात्तापाची मागणी तरी आवरावी.