नेम आपला, संघ कुणाचा?

मैत्रिणींनो, तिरंदाजीचीही आता लीग निघाली आहे, हे तुमच्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? ऑक्टोबर २०२५मध्ये दिल्लीत आर्चरी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, प्रत्येकात आठ खेळाडू, त्यात चार पुरुष आणि चार स्त्रिया. राजपुताना रॉयल्स हा संघ जिंकला. मी खामगाव-चिखलीकडच्या ओळखीच्या पाच-सहा जणींना विचारलं, तर एकीनेही नाव ऐकलेलं नव्हतं.

आणि हे कुठे, तर बुलढाणा जिल्ह्यात! इथल्या पोलीस दलातल्या मोनाली जाधव हिने २०१९मध्ये चीनमधल्या चेंगडू इथे जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्णपदक मिळवलं. मे २०२३मध्ये बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला, म्हणजे तेव्हाच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या तिरंदाजाला, १४९-१४८ असं एका गुणाने हरवलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णही त्याच्या गळ्यात पडलं. ही बातमी आली तेव्हा ज्यांना कंपाउंड धनुष्य म्हणजे काय (ते चाकं लावलेलं असतं, ते) हेही माहीत नव्हतं, त्या बायकाही ‘आपला पोरगा’ म्हणत होत्या.

म्हणजे तिरंदाजीवर आपला जीव नाही असं नाही. जीव माणसावर आहे, संघावर नाही.

संघांची नावंच बघा. मायटी मराठाज, चोला चीफ्स, काकतिया नाइट्स, पृथ्वीराज योद्धाज. सगळी इतिहासाच्या पुस्तकातली. सिंदखेडराजा आपल्या जिल्ह्यात, जिजाऊंचं माहेर. तेव्हा ‘मराठाज’ नावाचा संघ आपल्याला जवळचा वाटायला हवा होता. पण नाव जवळचं असून काय उपयोग? सगळे सामने दिल्लीतच झाले. संघ कधी नागपूरला आला नाही की पुण्याला. नुसत्या नावाने जिव्हाळा जडत नसतो हो.

याचा अनुभव आपल्या कबड्डीच्या पोरींनी आधीच घेतला आहे. प्रो कबड्डी २०१४मध्ये सुरू झाली, तेव्हा तिने दोन गोष्टी शहाणपणाने केल्या. एक, संघांना शहरं दिली आणि सगळा ताफा शहराशहरांतून फिरवला. दुसरी, सामना ४० मिनिटांचा आणि संध्याकाळी. स्वयंपाक आटोपता आटोपता बघून होतो, शिवाय नियम समजावून सांगायला कुणी लागत नाही, शाळेत आपण सगळ्याच खेळलेल्या. मग २०१६मध्ये याच लीगच्या जोडीने महिलांचा प्रयोग झाला. तीन संघ: फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. आइस दिवाजची कर्णधार होती आपली मुंबईची अभिलाषा म्हात्रे. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने २४-२३ असा एका गुणाने जिंकला. याहून चुरस ती काय असायची? तरी प्रो कबड्डीने तो प्रयोग पुन्हा केला नाही. माझ्या मते नावातच खोट होती. पुरुषांना पुणे, मुंबई, पाटणा. बायकांना अग्नी, बर्फ आणि वादळ. बर्फाचं गाव कोणतं आणि त्याच्यासाठी भांडायचं तरी कुणी? याच भारतीय महिलांनी नोव्हेंबर २०२५मध्ये ढाक्याला विश्वचषक जिंकला, हे मुद्दाम सांगते.

क्रिकेटने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. महिला प्रीमियर लीग २०२३मध्ये निघाली, तेव्हा पहिल्या हंगामात मुली-बायकांना प्रवेश फुकट होता. संघांपैकी तीन तर आयपीएलच्याच घरातले, त्यामुळे चाहते आयते मिळाले. कुणी म्हणेल, ही उसनवारी झाली. झाली खरी. पण सांगलीच्या स्मृती मानधनाने २०२४मध्ये बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं, जे तिथल्या पुरुषांच्या संघाला १६ हंगामांत जमलं नव्हतं. उसनं घेतलेलं तिने असं व्याजासकट फेडलं!

तिरंदाजीला असं श्रीमंत माहेर नाही. म्हणून मला काळजी वाटते. कंपाउंड धनुष्य आणि त्याचं सामान लाखांच्या घरात जातं. आईच्या अंगावरचं मोडून पोरीला धनुष्य घ्यावं, तर पुढे त्यावर पोट भरेल का, हा प्रश्न घरात उठतोच. लीग टिकली तर त्याचं उत्तर बदलू शकतं. इथे बाईचा बाण आणि पुरुषाचा बाण एकाच संघासाठी सुटतो, अशा लीग किती आहेत सांगा बरं? पण बघणारं कुणी नसेल तर जाहिरातदार थांबत नाही, आणि तो गेला की पहिली कात्री कुणावर चालते ते २०१६नंतर दिसलंच.

पुढच्या हंगामाआधी मराठाजवाल्यांनी एवढंच करावं. आपले आठही तिरंदाज घेऊन एक दिवस बुलढाण्यात यावं, सकाळी शाळेच्या पोरींच्या हातात धनुष्य द्यावं आणि संध्याकाळी एक सामना दाखवावा. तिकीट लावलं तरी चालेल. खामगावहून एक गाडी भरून आणायचं काम माझ्याकडे.